पीओ आला का?

भोसरी असो, सातपूर असो, वाळूज असो की कोल्हापूरची शिरोली. एमआयडीसीतल्या छोट्या शेडमध्ये मशीनवर जॉब चढवण्याआधी एक प्रश्न हमखास कानावर येतो. 'पीओ आला का?' उत्तरही बहुधा ठरलेलं. 'येईल हो, साहेब बोललेत.' आणि स्पिंडल फिरायला लागतो.

पीओ म्हणजे परचेस ऑर्डर. खरेदीदाराने पुरवठादाराला दिलेली लेखी ऑर्डर. मोठ्या कंपनीत ती संगणकातून निघते. छोट्या शेडमध्ये ती ईमेलमधून प्रिंट होते, क्लिपबोर्डला अडकते आणि तिच्यावरचे दोनच आकडे वाचले जातात: नग किती आणि रेट काय. बाकीचा कागद 'कंपनीची फॉर्मॅलिटी' म्हणून सोडून दिला जातो. औद्योगिक वसाहतींमधून फिरताना, शेडमालकांशी, परचेसवाल्यांशी, हिशेब बघणाऱ्या बायकांशी बोलताना माझं एक मत पक्कं होत गेलं. हा कागद मोठ्या कंपनीपेक्षा छोट्या माणसाच्या जास्त कामाचा आहे. मोठ्यांकडे वकील असतो, ऑडिटर असतो, दोन वर्षं थांबायची ताकद असते. छोट्याच्या हातात तेवढा एक कागद असतो, आणि तोच वाचायचा राहून जातो.

भोसरीतल्या एका टर्निंग शॉपच्या मालकांनी फायलीतला एक जुना पीओ काढून माझ्यासमोर ठेवला. पाचशे नग फ्लँज. वर उजव्या कोपऱ्यात पीओ नंबर आणि तारीख, खाली आयटम कोड, त्यापुढे ड्रॉइंग नंबर, आणि ड्रॉइंग नंबरला चिकटून बारीक टायपातलं एकच अक्षर: 'बी'. त्यांनी त्यावर बोट ठेवलं. 'हे बघा. या अक्षराने आख्खा लॉट खाल्ला.'

ते अक्षर म्हणजे ड्रॉइंगची रिव्हिजन. आधीच्या सगळ्या ऑर्डरी 'ए'वर होत्या. मधल्या काळात कंपनीने फ्लँजचा बोअर, म्हणजे मधलं भोक, अर्ध्या मिलिमीटरने कमी केला होता. मशीनशेजारच्या खांबावर लॅमिनेट करून लावलेलं ड्रॉइंग मात्र जुनंच राहिलं. ऑपरेटर तरबेज होता. त्याने जॉब नेहमीसारखाच काढला, मापं जुन्या ड्रॉइंगला तंतोतंत बसली, आणि कंपनीच्या इनवर्ड तपासणीत पाचशेचे पाचशे नग रिजेक्ट झाले. लहान भोक मोठं करता येतं, मोठं झालेलं लहान करता येत नाही. माल भंगारात गेला. मटेरियलचे पैसे गेले, मशीनचे तास गेले, वर कंपनीची लाइन खोळंबली म्हणून डेबिट नोट आली. 'साहेबांना फोन लावला,' ते सांगत होते, 'तर म्हणाले, काका, पीओवर लिहिलंय ना. लिहिलं होतंच की.'

आता त्यांच्याकडे पीओ आला की आधी कोटेशनशी ताडून पाहिला जातो. रेट तोच आहे का, रिव्हिजन कुठली, डिलिव्हरीची तारीख जमणारी आहे का, मटेरियल कंपनी देणार की आपण आणायचं, वाहतूक कुणाच्या खर्चाने, पेमेंटचे दिवस कधीपासून मोजायचे. काही वेगळं दिसलं तर त्याच दिवशी ईमेल जातो: अमुक मुद्दा आमच्या कोटेशनप्रमाणे दुरुस्त करून सुधारित पीओ पाठवावा. तो येईपर्यंत मशीनवर जॉब चढत नाही. त्यांनी हे सांगितलं तेव्हा मला त्यामागचं कायद्याचं शहाणपण आठवलं. आपल्याकडचा करारांचा कायदा १८७२चा. तो सांगतो की समोरच्याचा प्रस्ताव जसाच्या तसा, विनाअट मान्य केला तरच करार होतो. तुमच्या कोटेशनपेक्षा वेगळ्या अटींचा पीओ आला, तर तो तुमच्या कोटेशनला होकार ठरत नाही, तो नवा प्रस्ताव ठरतो. आणि त्यावर एक अवाक्षर न काढता तुम्ही माल पाठवलात, तर त्या वेगळ्या अटी तुम्ही कृतीने मान्य केल्या असंच बहुधा धरलं जातं. गप्प राहून ट्रक भरणं हीसुद्धा एक सहीच आहे.

त्या अटी असतात पीओच्या पाठीमागे, मुंगीएवढ्या अक्षरात. उशीर झाला तर दर आठवड्याला किती टक्के कापायचे. पेमेंट बिलाच्या तारखेपासून नाही, तर स्टोअरने जीआरएन काढल्यापासून, म्हणजे माल मिळाल्याची नोंद झाल्यापासून मोजायचं. वाद झाला तर कोर्ट कुठल्या गावचं. पॅटर्न, डाय, फिक्श्चर कुणाच्या मालकीचे. शेवटचा मुद्दा साधा वाटतो, पण कोल्हापूरकडच्या फाउंड्रीवाल्यांना विचारा. शेडच्या मागे वर्षानुवर्षं पॅटर्न पडून असतात. जागा यांची, देखभाल यांची, आणि पॅटर्नच्या खर्चातला कोणता वाटा कुणी दिला होता हे आता कुणालाच सांगता येत नाही, कारण तो कधी पीओवर चढलाच नव्हता.

फोनवरच्या ऑर्डरी हा वेगळाच अध्याय आहे. शनिवारी संध्याकाळी परचेसमधून फोन येतो. 'काका, लाइन थांबतेय, सोमवारी माल गेटवर पाहिजे. पीओ मागाहून टाकतो.' काका रविवारी शेड उघडतात, दोन माणसांना जादा पगार देतात आणि सोमवारी सकाळी टेम्पो गेटवर उभा करतात. गेटवरचा सिक्युरिटीवाला पीओ नंबर मागतो. नंबर टाकल्याशिवाय त्याच्या संगणकावर एंट्रीच होत नाही. कधी साहेब स्वतः खाली येऊन गाडी आत घेतात, आणि दोन महिन्यांनी बिल पास करायच्या वेळी त्यांची बदली झालेली असते. नवे साहेब सज्जन असतात, पण त्यांच्यासमोरच्या स्क्रीनवर त्या मालाचा मागमूस नसतो. शब्द देणाऱ्याने खोटं बोललेलं नसतं. शब्द त्याच्याबरोबर बदलीच्या गावी गेलेला असतो.

अशा वेळी सगळंच संपलं, असं मात्र समजू नये. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम १०-अ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झालेल्या कराराला मान्यता देतं. ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता अल्युमिनियम या २०१०च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ईमेलच्या देवाणघेवाणीतूनसुद्धा करार होतो, औपचारिक कागदावर सही राहून गेली म्हणून तो नाहीसा होत नाही, असं स्पष्ट म्हटलं. म्हणून फोन ठेवल्याठेवल्या दोन ओळींचा ईमेल टाकायची सवय सोन्याची आहे: 'आत्ता बोलल्याप्रमाणे अमुक नग, अमुक रेट, अमुक तारीख, पीओच्या अपेक्षेत काम सुरू करत आहोत.' आणि डिलिव्हरी चलनाच्या दुसऱ्या प्रतीवर स्टोअरचा शिक्का घेतल्याशिवाय ड्रायव्हरने गेट सोडायचं नाही. कोर्टात पुरावा उभा राहू शकतो, पण कोर्टातला पुरावा आणि वेळेत मिळालेले पैसे यात फार अंतर आहे.

पैशांच्या वेळेबद्दल एक कायदा छोट्यांच्या बाजूने खणखणीत उभा आहे, आणि तो शेडमधल्या फारच थोड्यांना नीट माहीत आहे. २००६चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर लेखी करारात काहीही लिहिलं तरी पेमेंटची मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. पीओवर '९० दिवस' छापलेले असोत, कायद्यापुढे ते चालत नाहीत. लेखी काही ठरलेलंच नसेल तर मुदत अवघी १५ दिवसांची. ती ओलांडली की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, दर महिन्याला चक्रवाढ. बँक रेट सहा टक्के धरला तर ते वर्षाला अठरा टक्क्यांच्या वर जातं. रिजेक्शनबद्दलची तरतूद तर मला सर्वांत मोलाची वाटते: खरेदीदाराने माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर पेमेंटच्या मोजणीसाठी माल स्वीकारला असंच धरलं जातं. तीन महिन्यांनी 'क्वालिटीने होल्डवर टाकलाय' म्हणून बिल रोखणाऱ्याला ही ओळ दाखवावी.

तंटा झाला तर याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे जाता येतं. महाराष्ट्रात विभागवार अशा परिषदा आहेत, आणि खरेदीदार देशात कुठेही असला तरी पुरवठादार जिथला तिथल्या परिषदेकडे दाद मागता येते. पीओच्या पाठीमागे दिल्लीचं नाहीतर चेन्नईचं कोर्ट छापलेलं असलं म्हणून नाशिकच्या माणसाने हातपाय गाळू नयेत, ते यासाठी. २०१७मध्ये समाधान पोर्टल सुरू झालं, तेव्हापासून घरबसल्या ऑनलाइन अर्ज भरता येतो. आणि अर्ज भरताना पहिल्यांदा काय लागतं? पीओ आणि बिल. इथे अनेकांची गाडी अडते. बिल असतं, चलन असतं, पीओच्या जागी 'साहेब बोलले होते'. परिषदेने ९० दिवसांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तसं सहसा होत नाही, आणि ही या चांगल्या कायद्याची मोठीच उणीव आहे. तरी कागद पूर्ण असलेल्याचं प्रकरण निदान पुढे सरकतं.

२०२३–२४ या आर्थिक वर्षाच्या हिशेबापासून प्राप्तिकर कायद्यातल्या ४३-बी कलमाचं 'एच' उपकलम लागू झालं. सूक्ष्म-लघु पुरवठादाराचं बिल कायद्याच्या मुदतीत चुकवलं नाही, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी मिळकतीतून वजा करता येत नाही. प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी करता येतो. व्याजाला न घाबरणारे मोठे खरेदीदार कराला घाबरले. वर्षअखेर जवळ आली तशी कापडाच्या धंद्यात कुरकुर झाली, काही व्यापाऱ्यांनी ऑर्डरी रोखल्या, काहींनी पुरवठादारांना उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून असलेली सरकारी नोंदणी, सोडून द्यायला सुचवलं. माझं मत विचाराल तर नोंदणी सोडू नये. उलट तिचा नंबर कोटेशनवर, बिलावर ठळक छापावा आणि पीओवरही चढवून मागावा.

आता शेड्यूलची गोष्ट. वाहन उद्योगात नगांचा आकडा असलेला पीओ कमीच येतो. येतो तो ओपन पीओ: आयटम आणि रेट पक्के, नगांची जागा रिकामी. नग दरमहा शेड्यूलमधून कळतात. ईमेलला जोडलेला तक्ता येतो: या महिन्यात चार हजार, पुढच्यात साडेचार, त्यापुढच्यात पाच. शेडमालक तिन्ही महिन्यांचं मटेरियल भरतो, कारण पोलाद एकगठ्ठा घेतलं तर रेट बरा पडतो. मग एका सोमवारी सुधारित शेड्यूल येतं आणि पाचाचे दोन हजार झालेले असतात.

२०१९–२० मध्ये देशातली वाहनविक्री सुमारे १८ टक्क्यांनी घसरली, तेव्हा चाकण-भोसरीच्या पट्ट्यात हे घरोघरी घडलं. त्याच सुमाराला १ एप्रिल २०२०पासून वाहनांच्या प्रदूषणाचे बीएस-सहा निकष लागू होणार होते, त्यामुळे जुन्या इंजिनांना लागणाऱ्या काही भागांना नंतर कुणी विचारेना. रॅकवर पडलेला माल कुणाचा? ज्यांच्याकडे लेखी होतं त्यांना उत्तर होतं. काही कंपन्यांच्या शेड्यूलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं: पहिल्या महिन्याचे तयार नग कंपनी उचलणारच, दुसऱ्या महिन्याच्या कच्च्या मालाची जबाबदारी कंपनीची, तिसरा महिना केवळ अंदाज. तेवढी एक ओळ मागून घेतली तरी शेडमालकाने किती मटेरियल भरायचं याचा हिशेब बदलतो. तिसऱ्या महिन्याच्या आकड्यावर बँकेचं कॅश क्रेडिट उचलणं मग आपसूक थांबतं.

रेटचंही तेच. २०२०च्या मध्यापासून वर्षभरात पोलादाचे भाव दुपटीच्या घरात गेले. ज्यांच्या पीओत मटेरियलचा भाव वेगळा दाखवलेला होता आणि दर तिमाहीला तो सुधारायची अट होती, त्यांना अमेंडमेंट, म्हणजे सुधारित रेटचा पीओ, मिळाली. उशिरा, पण मिळाली. ज्यांचा रेट 'प्रति नग अमुक रुपये' एवढाच होता, ते महिनोन् महिने नगामागे घरचे पैसे घालत राहिले. धंदा बंद करण्यापेक्षा तोटा बरा म्हणून.

कंपनीच्या बाजूनेही पाहायला हवं. परचेसमधल्या एका अनुभवी अधिकाऱ्यांनी मला समजावलं ते असं. बिल अकाउंट्सकडे आलं की तीन कागदांचा मेळ घातला जातो: पीओ, जीआरएन आणि बिल. मागवलं ते, आलं ते आणि पैसे मागितले ते, तिन्ही आकडे जुळले तरच बिल पास. एकाच माणसाला मागवणं, माल घेणं आणि पैसे देणं ही तिन्ही कामं करता येऊ नयेत, म्हणून ही व्यवस्था. ती नसेल तर न आलेल्या मालाची बिलं निघतात, मित्राच्या दुकानातून चढ्या भावाने खरेदी होते आणि वर्षअखेरीला ऑडिटर डोकं धरून बसतो. 'पुरवठादाराला वाटतं आम्ही मुद्दाम अडवतो,' ते म्हणाले. 'पण त्याच्या बिलावर पीओ नंबर नसला, जीएसटीचा एचएसएन कोड वेगळा असला, रेटमध्ये पंधरा पैशांचा फरक असला, की सिस्टीम बिल पुढेच सोडत नाही. माझ्या हातात काही उरत नाही.' पंधरा पैशांसाठी लाखाचं बिल महिनाभर अडकतं हे मला अन्यायाचं वाटतं, आणि तसं मी त्यांना सांगितलंही. पण ते पंधरा पैसे बिल करण्याआधी आपल्याच शेडमध्ये पाच मिनिटांत सापडले असते, हेही खरं.

पक्क्या पीओचा आणखी एक उपयोग निर्यातदारांना चांगला ठाऊक असतो. परदेशी ग्राहकाची पक्की ऑर्डर किंवा बँकेचं पतपत्र (एलसी) दाखवलं की माल तयार करण्यासाठी बँक आधीच पॅकिंग क्रेडिट देते. देशांतर्गत मालासाठी ट्रेड्स ही व्यवस्था आहे. मोठ्या खरेदीदाराने मान्य केलेलं बिल तिथे चढतं, बँका त्यावर बोली लावतात, आणि पुरवठादाराला मुदतीआधी पैसे मिळतात. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना आता तिथे नोंदणी सक्तीची आहे. पण बिल मान्य व्हायचं तर ते पीओशी जुळायला हवं. म्हणजे फिरून आपण त्याच कागदाशी येतो.

आतापर्यंत बोललो ते आलेल्या पीओबद्दल. छोटे उद्योग स्वतः खरेदीदारही असतात आणि तिथे ते स्वतः पीओ देत नाहीत, हे मला जास्त खटकतं. सातपूरला एक व्हीएमसी मशीन शॉप आहे. नवरा शॉप फ्लोअर सांभाळतो, हिशेब बायको बघते; वसाहतीत सगळे त्यांना वहिनीच म्हणतात. काही वर्षांपूर्वी जीएसटीची जुळवणी करताना त्यांच्या लक्षात आलं की कार्बाइड इन्सर्टच्या एकाच डब्याची दोन बिलं आहेत. एक डबा शेठनी, म्हणजे नवऱ्याने, फोनवर मागवला होता, दुसरा सुपरवायझरने. दोन्ही आले होते, एक कपाटात मागे पडला होता. त्या दिवशी त्यांनी दुकानातून डुप्लिकेट बुक आणलं, मधे कार्बन घालायचं साधं. प्रत्येक पानाला नंबर टाकला. त्या नंबराशिवाय शेडमध्ये काहीही आत येणार नाही, असं जाहीर केलं.

सुरुवातीला नवऱ्यालाच ते जाचक वाटलं. टूल सप्लायरचा मुलगा पार्सल घेऊन दारात उभा राहायचा. 'वहिनी, शेठ फोनवर बोललेत.' 'शेठ बोलले ते बरोबरच असेल. नंबर काय दिलाय?' नंबर नसला की पार्सल बाकावर, आणि शेठना हात पुसत ऑफिसात यावं लागायचं. काही आठवड्यांत शेठच फोनवर 'थांब, नंबर घेऊन सांगतो' म्हणायला लागले. वहिनींना आता कुठलं मागवलेलं अजून आलेलं नाही, कुणाला किती द्यायचं आहे, महिनाअखेरीला खात्यात किती लागणार, हे पानं चाळून सांगता येतं. बँकेच्या मॅनेजरसमोर बसताना हे बळ वेगळंच असतं, असं त्यांचं म्हणणं.

खरी परीक्षा प्लेटिंगच्या वेळी झाली. त्यांचे पार्ट झिंक प्लेटिंगला बाहेर जातात. आधी चलनावर फक्त 'प्लेटिंगसाठी' लिहिलेलं असायचं. एकदा ग्राहकाने सॉल्ट स्प्रे चाचणी केली, पार्टांना ठरल्या तासांच्या आतच गंज आला, लॉट परत आला. प्लेटिंगवाले म्हणाले, 'वहिनी, तुम्ही जाडी कुठे सांगितली होती? आम्ही नेहमीची मारली.' त्यांना दोष देता येईना. ग्राहकाच्या ड्रॉइंगवर ८ मायक्रॉन स्पष्ट छापलं होतं. ते ड्रॉइंग प्लेटिंगवाल्यांपर्यंत कधी पोहोचलंच नव्हतं.

तेव्हापासून त्यांचा प्लेटिंगचा पीओ मराठीत निघतो. पीओ इंग्रजीतच असावा असं कुठलाही कायदा म्हणत नाही, आणि प्लेटिंगच्या टाकीजवळ उभा असलेला माणूस मराठी वाचतो. मी तो पाहिला. पार्टचं नाव, नग, एकूण वजन. झिंक प्लेटिंग, जाडी किमान ८ मायक्रॉन. आटे असलेल्या भागाला गेज लावून बघणे. माल पूर्ण सुकवून, पार्ट एकमेकांवर न आपटता क्रेटमध्ये भरणे. प्रत्येक लॉटसोबत जाडीचा रिपोर्ट. जाडी कमी भरल्यास पुन्हा प्लेटिंग तुमच्या खर्चाने. पेमेंट माल मिळाल्यापासून तीस दिवसांत. ही शेवटची ओळ प्लेटिंगवाल्यांनी मागितली नव्हती. वहिनींनीच घातली, आणि तीस दिवस झाले की त्या पैसे पाठवतात.

प्लेटिंगवाल्यांनी त्या पीओची एक प्रत टाकीशेजारच्या भिंतीवर चिकटवली आहे. इतर गिऱ्हाइकांनाही ते आता विचारतात, 'जाडी लिहून आणलीय का?'